पाव्हण्याचं पाणी

"ह्या साली पाव्हणा घेनार न्हाय. ऐकलंस का? देवळात झोपू दे न्हायतर झाडाखाली झोपू दे."

सुपातली जवारी पाखडता पाखडता रत्नम्मानं सुनेला ऐकवलं. काशम्मा पडवी सारवत होती. तिनं मान वर केली नाही. शेणकाल्यात बुडवलेला हात तसाच भुईवर फिरत राहिला.

"आडात न्हाय तर पोहऱ्यात कुटनं येनार? घागरभर पान्यासाटी नदीत जाऊन वाळू उकरावी लागतीया. आन् हिला पाव्हण्याचा सोस!"

"मी कुटं काय म्हनले, आत्ती?"

"म्हनायला कशाला पायजे? पडवी कुनासाटी सारवतीस मग? माज्यासाटी?"

म्हातारीचं खोटं नव्हतं. जत्रेला दोन दिवस राहिले की तिचे हात आपोआप पडवीकडं वळायचे. कोपऱ्यातला कडबा बाहेर निघायचा, घोंगडं उन्हात पडायचं, शेंगाची चटणी कुटून गाडग्यात भरली जायची.

कल्लूर गाव बोरी नदीच्या काठचं. एका घरात मराठी, शेजारच्या घरात कानडी, आणि भांडण लागलं की दोन्ही. चैतात गावच्या मल्लय्याची जत्रा भरायची आणि जत्रेला इंडीकडचा मेळा यायचा. बयलाट करायचा, म्हणजे उघड्या रानात रातभर चालणारा कानडी खेळ. पालखी फिरून झाली की दिवट्या पेटायच्या, मद्दल घुमायला लागायचं आणि पाच कोसांवरच्या गाड्या नदीच्या वाळूत सुटायच्या. मेळ्याला गावानं पोसायचं अशी चाल होती. पण पोसायचं म्हणजे देवळात पंगत घालायची नाही. एकेका घरानं एकेक माणूस उतरवून घ्यायचा. जेवण घराचं, अंथरूण घराचं, आंघोळीचं पाणीसुद्धा घराचं. ज्याच्या घरी राजाचं सोंग उतरायचं तो वर्षभर मिशीला पीळ देऊन हिंडायचा. ज्याच्या वाट्याला झांजवाला यायचा त्याची बायको म्हणायची, आमचं घर काय रस्त्यावर पडलंय व्हय?

काशम्माच्या घरी राणी उतरायची.

राणी म्हणजे तिप्पण्णा. इंडीकडचा धनगर. दिवसा बघितला तर काळासावळा, खांदे पडलेला, हसला की पुढचे दात दिसायचे. पण रात्री काशम्माचं लग्नातलं इरकल लुगडं नेसून तो दिवटीपुढं उभा राहिला की बायका पदर तोंडाला लावायच्या. रानात टाकलेल्या राणीचं रडणं तो असं रडायचा की म्हातारे कोतारेसुद्धा नाक ओढायचे. आणि काशम्माला त्याची ओढ दुसऱ्याच कारणानं होती. तिच्या माहेरच्या वाटेवर त्याचं गाव होतं. वर्षातनं एकदा तिच्या आईचं तोंड बघून आलेला माणूस म्हणजे तोच. भाऊ नव्हता काशम्माला. तिप्पण्णा तिला अक्का म्हणायचा आणि ती त्या एका शब्दावर वर्ष काढायची.

तेवढ्यात काशम्माचा नवरा ईश्वरप्पा कट्ट्यावरनं आला. पटका काढून खुंटीला अडकवला आणि हुश्श करून बसला.

"काय झालं रं?" रत्नम्मानं विचारलं.

"काय हुतंय? भांडनं. पाटील म्हनला, औंदा पानी न्हाय, मेळा नगं. तर निम्मं गाव उटलं. मल्लय्याचा कोप हुईल म्हनली. मग वाटनी केली."

"आन् आपल्या वाटनीला?"

ईश्वरप्पानं बायकोकडं बघितलं. बोलका माणूस नव्हता तो. "तिप्पण्णाच की. दुसरा कोन येनार हितं?"

रत्नम्मानं सूप खाली ठेवलं. "घरात न्हाय दाना आन् मला बाजीराव म्हना! बायकोनं डोळा मोडला का गेला वाकून!"

"अगं आई, पाव्हणा काय वर्साला बदलतंय व्हय? नगं म्हनलं तर तोंड कुटं लपवायचं?"

आत शिवशरण हसला. काशम्माचा एकुलता एक. नुकतं मिसरूड फुटलेलं, अंगानं बैलासारखा भरलेला, ज्येष्ठात अक्षता पडायच्या होत्या त्याच्यावर. मुलगी तडवळ्याची बघून ठेवलेली. त्याला बयलाटाचं भारी वेड. औत हाकताना राणीचं रडणं म्हणायचा आणि बैलं कान टवकारायची.

"आजी, तिप्पूमामाला मीच घिऊन येतो गाडीतनं," तो म्हणाला. "पानी बी मीच आनतो झिऱ्यावरनं. तुज्या घागरीला कोन हात लावतंय?"

नातवापुढं म्हातारीचं काही चालायचं नाही. "आन बाबा आन," ती म्हणाली. "पाव्हण्याच्या नावानं तरी उनाच्या आदी उट."

सोलापुरात मार्शल लॉ झाला त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. ज्वारी अर्धी पदरात पडली, अर्धी रानातच करपली. काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडलेल्या. बोरीचं पात्र कोरडं ठणठणीत, मधे वाळूत गावानं एक झिरा उकरलेला. त्याच्यातलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. माणसं तिथंच, गुरं तिथंच, आणि जत्रेच्या गाड्या सुटल्या त्याही तिथंच.

तिप्पण्णा आला तो गाडीतनं उतरायच्या आधी ओरडला, "अक्का! जिवंत हाईस का?"

"तुज्या आधी मरते व्हय?" काशम्मा दारातनं म्हणाली आणि तिचा आवाज लगेच बदलला. "अव्वा भेटली?"

"भेटली की. डोळ्यानं कमी दिसतंय तिला. माजा आवाज वळखला. म्हनली, काशीला तेवडं बगून ये. पोरीला बगायला आता माजं डोळं न्हाईत, तुजं घिऊन जा म्हनली."

काशम्मा आत गेली आणि चुलीपुढं उगीच फुंकत बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, धुरानं झाले असतील म्हणून कोणी काही बोललं नाही.

तिनं त्या दिवशी हुग्गी केली, गूळ घातलेली गव्हाची खीर. गहू पदरी किती होते ते तिचं तिला ठाऊक. पडवीत पाट मांडून तिप्पण्णाला वाढलं. तो जेवताना बोलायचा आणि बोलताना जेवायचा. ही चटणी इंडीत मिळत न्हाय, ही भाकरी इजापुरात मिळत न्हाय. नवऱ्यानं किंवा सासूनं एवढ्या वर्षांत कधी भाकरीला बरी म्हटलं नव्हतं. शेवटी हात धुतल्यावर तो लाजत म्हणाला, "अक्का, लुगडं..."

"काढून ठिवलंय."

"बापय मानसाच्या अंगावर लगनाचं लुगडं," रत्नम्मा भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "बरं दिसतंय?"

"म्हातारे, मी नेसलो की मी बापय ऱ्हातच न्हाय," तिप्पण्णा म्हणाला आणि शिवशरण पोट धरून हसला.

खेळ रातभर झाला. काशम्मानं बायकांत बसून बघितला. राणी रडली, गाव रडलं. उजाडता उजाडता आरती झाली, लोक घोंगड्या झटकून उठले. काशम्मा पुढं घरी येऊन चूल पेटवून बसली, पाव्हणा येईल, त्याला भाकरी टाकावी म्हणून.

पाव्हणा आला तो शिवशरणच्या खांद्यावर. इरकल लुगडं पायात घोळत होतं, घाणीनं भरलं होतं. तोंडावरचा पिवळा रंग घामानं ओघळून गळ्यावर आला होता. डोळ्यातलं काजळ गालावर. शिवशरणनं त्याला पडवीत निजवलं तसा तो वळला आणि सारवलेल्या भुईवर भडभडून ओकला. नुसतं पाणी. भाताच्या पेजेसारखं.

रत्नम्मानं बघितलं आणि किंचाळली, "पटकी! पटकी आली गं बाई!"

अशी बातमी गावात चालत जात नाही, उडत जाते. चनबसप्पा पाटील आला, पण अंगणात पाय न घालता कुडाबाहेर उभा राहिला. मेळ्याचा म्होरक्या कल्लप्पाही आला.

"ह्याला घिऊन जा की," ईश्वरप्पा त्याला म्हणाला. "तुमचा मानूस हाय."

कल्लप्पानं मान खाली घातली. "गाडीत बाकीची मानसं हाईत, बाबा. फुडच्या गावाला वायदा हाय. ह्याला घेतलं तर आमाला कोन शिवंत घेनार न्हाय."

"म्हंजी टाकून जातोस?"

"तुमच्या घरी उतरलाय न्हवं?" तो म्हणाला आणि गेला. थोड्या वेळानं मेळ्याची गाडी नदीच्या वाळूतनं वर चढताना दिसली. मद्दल वर बांधलेलं होतं, ते गचक्यासरशी आपोआप वाजत होतं.

पाटील म्हणाला, "ईश्वरप्पा, गावात ठिवू नगं. शिवंच्या भाईर काड."

"पाव्हणा हाय, पाटील."

"गाव बी हाय. बग बाबा."

शेवटी ठरलं, रानातल्या कडब्याच्या खोपीत न्यायचं. गावच्या जंगम अय्यानं लांबनंच अंगारा फेकला आणि बजावलं, "पान्याचा थेंब देऊ नगा. पटकीला पानी म्हंजी आगीत तेल. पोटात पानी गेलं की मानूस गेलंच."

तिप्पण्णाला कोण उचलणार? ईश्वरप्पा वाकला आणि तसाच मागं सरला. शिवशरण पुढं झाला, काखेत हात घालून त्यानं पाव्हण्याला उचललं, गाडीत घातलं, खोपीत नेऊन कडब्यावर निजवलं आणि परत आला. झिऱ्यावर हातपाय धुतले आणि न्याहारीला बसला.

काशम्मानं हातातली भाकरी परत ठेवली. भाऊ म्हणून ज्याला हुग्गी वाढली तो माणूस रानात कुत्र्यासारखा पडलाय. दुपार चढली, म्हातारीचा डोळा लागला, तशी ती शेणकुटं आणायच्या निमित्तानं बुट्टी घेऊन निघाली. रानात जाताना बाई घेते तसं तिनं तहानेला ताकाचं पाणी घेतलं होतं, मीठ घातलेलं, मडकीभर.

खोपीपासनं लांब ती उभी राहिली. ऊन असं होतं की रानावर वाफ नाचत होती. आतनं आवाज आला. राणीचा नव्हता, तिप्पण्णाचाही नव्हता. वाळलं पान घासावं तसा.

"अक्का... नीर. नीर कोडा."

पाणी दे.

"तिप्पण्णा, पानी द्यायचं न्हाय रं तुला. अय्या म्हनलाय."

"अक्का... नीर."

ती तिथंच खाली बसली. कानावर हात ठेवले. मग तिच्या मनात आलं, हा मरणारच आहे. मेळ्यानं टाकला, गावानं टाकला. आज नाहीतर उद्या ह्या खोपीला काडी लावतील. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतातच की. मग हा कोरड्या तोंडानं का जावा? आपल्या उंबऱ्यावर उतरलेला माणूस.

ती उठली, पदर नाकाला लावला आणि आत गेली. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. तिनं मडकी त्याच्या ओठाला लावली. तो प्यायला आणि ओकला. तिला वाटलं संपलं. तो परत म्हणाला, नीर. तिनं परत दिलं. थोडं थोडं, घोट घोट. ओकला की परत. मडकी संपली तेव्हा ऊन कललं होतं आणि तो अजून श्वास घेत होता.

घरी येऊन तिनं अंग घासून काढलं आणि कुणाला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला ती परत गेली. मनात धरूनच गेली होती की माशा घोंगावत असतील. तिप्पण्णा डोळे उघडे ठेवून पडला होता. तिला बघून त्याचे ओठ हलले. हसायला बघत होता. तिनं दुसरी मडकी त्याला पाजली, उरलेली उशाला ठेवली आणि घराकडं निघाली. पाय हलके पडत होते. कितीतरी दिवसांत असे पडले नव्हते.

अंगणात पाय ठेवला आणि तिला रत्नम्माचा हंबरडा ऐकू आला.

शिवशरण पडवीत पडला होता. ती गेली आणि पाठोपाठ त्याला ढाळ सुरू झाले होते. बैलासारखं ते अंग एका सकाळीत चिपाडासारखं झालं होतं. रत्नम्मा नातवाच्या डोक्याशी बसली होती. ईश्वरप्पा अय्याला बोलावून आला होता, अय्या कुडाबाहेर उभा होता आणि कालचंच सांगत होता. पानी न्हाय. थेंब न्हाय.

"अव्वा," शिवशरण म्हणाला. "नीर."

काशम्मा घागरीकडं वळली. हात तांब्यावर पडला.

"ठिव खाली!" रत्नम्मा ओरडली. "पोराला मारतीस व्हय गं?"

"आत्ती, थोडं... घोटभर..."

"अय्याचं ऐकू का तुजं? एकच दिवा हाय घरात. इजवतीस तू?"

ईश्वरप्पा पुढं आला. त्यानं तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. जोरानं नाही, हळूच. "काशम्मा, नगं. तुला माज्या गळ्याची आन हाय. दोन दिस तहान सोसंल पोरगं. जगलं तर जलमभर पानी पिईल."

शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिप्पण्णाला मी पाजलंय. तो जगलाय. आत्ता बघून आलेय. ओठांवर आले आणि तिथंच राहिले. कारण मागनं दुसरं मन बोलायला लागलं. तो जगला त्याच्या दैवानं. आत्ता जगलाय, दुपारी जगेल कशावरनं? आणि तो गेला असता तर आपलं काय जात होतं? हा जर पाण्यानं गेला तर? आपल्या हातचं पाणी पिऊन गेला तर?

तिनं तोंड मिटलं. पोराशेजारी बसली आणि त्याचा हात हातात घेतला. हात गार होता.

"अव्वा, नीर."

"दिते रं. थोडं थांब. बरं वाटलं की दिते."

"आत्ता."

"आत्ता न्हाय माज्या राजा."

तिनं पदराचं टोक ओलं करून ओठाला लावावं म्हटलं, तर रत्नम्मानं तेही लावू दिलं नाही. घागर पोराला दिसत होती. तो तिच्याकडंच बघत होता. ईश्वरप्पानं उठून घागरीवर घोंगडं टाकलं. मग शिवशरण आईकडं बघायला लागला. दुपारपर्यंत मागत होता. मग आवाज गेला, नुसते ओठ हलत राहिले. मग तेही राहिले. दिवेलागणीच्या आत पोरगं गेलं.

गावात त्याच दिवशी आणखी दोन घरांत रडणं सुरू झालं होतं, त्यामुळं मातीला माणसं जेमतेम जमली. त्यांच्यात मढं बसवून पुरायची रीत, पण खड्डा नीट खणायलाही कुणाला धीर नव्हता. काशम्मा रडली नाही. बायकांनी तिला हलवलं, छाती बडवून दाखवली, पोराचा सदरा तिच्यापुढं टाकला. ती दगडासारखी बसून राहिली. "हिला कढ येऊ दे गं बाई, न्हायतर येडी हुईल," बायका म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चुलीत जाळ नव्हता. शिंक्यातली शिळी भाकरी घेऊन ती रानात गेली. का गेली ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिप्पण्णा खोपीबाहेर सावलीत बसला होता. काठीसारखा झाला होता, पण बसला होता. तिला बघून त्यानं भुईवर डोकं टेकलं.

"अक्का, तू पानी दिलंस म्हनून जगलो. दुसऱ्या कुनी दिलं नसतं. सख्ख्या आईनं दिलं नसतं बग."

काशम्मा होती तिथंच उभी राहिली.

"शिवू कुटं हाय? त्यानंच मला खांद्यावर घेतलं. सुद नव्हती, पर त्याचा वास वळखला मी. त्याला सांग, फुडल्या साली राणीचं रडनं त्याला समदं शिकवतो."

तिनं भाकरी त्याच्यापुढं ठेवली. "खा आन् जा. गावात पाऊल टाकू नगंस. लोकं दगडं मारतील. नदीनदीनं जा."

"काय झालंय, अक्का?"

"जा म्हनलं न्हवं?"

तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. काय समजला, किती समजला, देव जाणे. मग कमरेचं लुगडं सोडायला लागला. अजून तेच नेसलेला होता.

"ऱ्हाऊ दे अंगावर. मला काय करायचंय ते?"

"तुज्या अव्वाला काय सांगू?"

काशम्मानं उशाची रिकामी मडकी उचलली. "सांग, सुकात हाय म्हनावं."

लुगडं नेसलेला तो बाप्या भेगाळल्या रानातनं काठी टेकत टेकत गेला. लांबनं बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणीतरी सासुरवाशीण माहेराला निघालीय.

परतताना वाटेत दगडाबाईचं घर. दार पुढं ओढलेलं होतं आणि दगडाबाई बाहेर उंबऱ्यावर बसून दोन्ही हातांनी कान दाबत होती. आतनं तिच्या सुनेचा, गोजाबाईचा, आवाज येत होता. "आत्ती, पानी. आत्ती वं, पानी."

काशम्माचे पाय थांबले.

"दगडाबाई, पाज की तिला."

"येडी का खुळी तू?"

"पाज. मीठ घालून ताकाचं पानी दे. ओकली तर परत दे. मी तिप्पण्णाला पाजलं. खोपीत जाऊन. जगला त्यो. आत्ता चालत गेला, डोळ्यानं बगून आले."

दगडाबाईनं कानावरचे हात काढले. तिनं काशम्माकडं असं बघितलं की काशम्माला वाटलं, जमीन फाटावी.

"तुला ठावं हुतं?" दगडाबाई हळू आवाजात म्हणाली. "मग पोटच्या पोराला का न्हाई दिलंस?"

आतनं परत हाक आली. काशम्मानं कुडाचा वासा धरला.

"भ्याले," ती म्हणाली. "त्यो परका हुता, म्हनून हात धजला. ह्यो माजा हुता."

दगडाबाई उंबऱ्यावरनं बाजूला सरकली. "माजा बी हात न्हाई धजत, बाई. तुला ती परकीच हाय. तूच पाज."

काशम्मा आत गेली. मडकीत मीठ घालून ताकाचं पाणी केलं, गोजाबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि मडकी ओठाला लावली. दिवसभर बसली. गोजा ओकायची, ती पुसायची, परत पाजायची. पोरगीच होती ती, शिवशरणच्या बरोबरीची. आणि पाजता पाजता काशम्माच्या मनात एक गोष्ट आली. तिनं ती झटकली, तर परत आली. ही मरू दे. पाणी पिऊन ही मेली तर मी दिलं असतं तरी माझा वाचला नसता. मग मला निजता येईल. असं मनात येत होतं आणि हात मडकी पुढं करतच होते. हाताचं मनाला ऐकू जात नव्हतं, मनाचं हाताला.

ती रात्र गोजानं काढली. दिवस उगवायला तिच्या बोटांत ऊब आली. ऊन अंगणात आलं तशी ती आपली आपण उठून बसली, केस मागं सारले आणि म्हणाली, "आत्ती, भाकर हाय का?"

दगडाबाई धावत आली आणि काशम्माच्या पायावर पडली.

तेव्हा काशम्मा रडली. पोराच्या मातीला रडली नव्हती ती, भिंतीला डोकं आपटून, गाव गोळा होईल अशी रडली. आणि गाव गोळा झालंच. कुडाबाहेर उभं राहून लोक म्हणाले, पुन्याई लागली बाईची. पोर गेलं, पर दुसऱ्याची लेक वाचवली. आनंदाचं रडतीया, रडू द्या.

"रडू नगं गं," दगडाबाई तिचं तोंड कुरवाळत म्हणत होती. "जगली की माजी सून. बग की, जगली. तुज्यामुळं जगली."

आणि ती जितक्यांदा 'जगली' म्हणे, तितक्यांदा काशम्माचा आवाज आणखी वर चढे.